जुनी डिस्क काढली त्या दिवशी

मावशीच्या संगणकातली जुनी हार्ड डिस्क काढून नवा ड्राइव्ह बसवला, त्या सगळ्या प्रकरणात नव्या ड्राइव्हनं एकदाही कुरबूर केली नाही. जो काही ताप झाला तो जुन्या डिस्कपायी. ती बिघडत चालली होती हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे नको तेव्हा मी ती जोडलेली ठेवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चूक कुठे झाली ते शोधत बसायला नको.

संगणक मावशीचा. ती घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. २०१८ सालचा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज १०. साठवण म्हणून १ टीबीची एकच हार्ड डिस्क, तिचेच सी आणि डी असे दोन भाग पाडलेले. तक्रार तिनं फोनवर सांगितली ती अशी: "अगं, बटण दाबते आणि अंघोळ करून येते, तरी ते गोल फिरतंच असतं. आणि हल्ली मधूनच आतून टक् टक् येतं."

मंदपणा हा एक आजार आणि टक् टक् हा दुसरा. पहिल्यासाठी सवडीनं गेलं तरी चालतं. दुसऱ्यासाठी मी त्याच संध्याकाळी गेले.

टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष वाचन सेकंदाला जेमतेम १ एमबी. एवढी राबतेय तर काम कुठे जातंय, हा मावशीचा प्रश्न अगदी रास्त होता. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, तो ४.२ चा. त्याआधी हेडला त्या ट्रॅकवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एक तुकडा हाती लागायला साधारण तेरा मिलिसेकंद, सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी तुकडे. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला ३२० केबी! डिस्क बिचारी पूर्ण वेळ पळतेच आहे, फक्त तिचं सगळं आयुष्य इकडून तिकडे जाण्यात चाललंय. मोठी सलग फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला दीडेकशे एमबी देते. पण विंडोज सुरू होताना सलग काही मागत नाही, हजारो बारीक तुकडे मागतं. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काही नसल्यामुळे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतो. वेग वाढवण्यासाठी रॅम टाकावी की प्रोसेसर बदलावा यावर लोक तासन् तास बोलतात; ज्या संगणकात विंडोज अजून फिरत्या डिस्कवर आहे तिथे ही चर्चाच फिजूल आहे.

आता टक् टक्. क्रिस्टलडिस्कइन्फो ही तपासणीची आज्ञावली लावून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे पाहिले. वर पिवळ्या पट्टीत कॉशन, म्हणजे सावध. ०५ या ओळीत शून्य, सी५ मध्ये १०, सी६ मध्येही १०, सी७ मध्ये चांगला लांबलचक आकडा. इथे एक गोम आहे. हे आकडे षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात, त्यामुळे '१०' म्हणजे सोळा. ०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आलेले, ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. सी६ ही त्याच दुखण्याची दुसरी नोंद. सी७ मात्र डिस्कच्या पोटातला आजार नव्हे. डिस्क आणि मदरबोर्डमधल्या साटा केबलवरून जाताना किती वेळा माहिती विस्कटली याची ती मोजणी. केबल बदलली की हा आकडा वाढायचा थांबतो, मागे मात्र कधीच येत नाही. त्यामुळे त्याकडे एकदाच बघून उपयोग नाही. आज लिहून ठेवायचा आणि आठवड्यानं पुन्हा बघायचा.

केबल बदलली. सी७ तिथेच थबकला. सी५ चं काय करणार? सोळा सेक्टर म्हणजे जागा म्हणून काहीच नाही, पण ज्या डिस्कवर काल शून्य होता तिच्यावर आज सोळा आहेत, एवढं पुरेसं होतं. मी मावशीला म्हटलं, "आता या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. आजपासून हिच्यावरून फक्त काढून घ्यायचं."

आधी सामान हलवणं

तोडफोडीला हात घालण्याआधी बॅकअप. दोन प्रती असाव्यात, त्यातली एक संगणकाबाहेर, हे सगळ्यांनाच पाठ असतं. मरायला टेकलेल्या डिस्कवरून प्रत कशी काढायची हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

फाइल एक्सप्लोररमध्ये सगळं निवडून ओढलं तर पहिल्या खराब सेक्टरवर गाडं अडतं आणि आपण चहा पीत असताना ते तिथेच उभं असतं. म्हणून रोबोकॉपी ही प्रत काढायची आज्ञा. ती विंडोजमध्येच असते. पण तिच्यातही एक खड्डा आहे. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मूळ सेटिंगनुसार १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबते. हिशेब करून पाहा: एका फाइलपायी साडेअकरा महिने. पुन्हा प्रयत्न एकदाच आणि थांबणं एक सेकंद, असे दोन्ही आकडे हातानं द्यावे लागतात, आणि काय काय राहिलं ते कळावं म्हणून नोंदवही एखाद्या फाइलमध्ये लिहायला सांगावी लागते.

क्रमही मी ठरवून घेतला. आधी चालू पुस्तकं, मग जुनी पुस्तकं, मग फोटो, शेवटी डाउनलोडचा उकिरडा. डिस्क मध्येच गेलीच तर उकिरड्यासकट जावी, पुस्तकांसकट नाही. बाहेरच्या २ टीबी डिस्कवर रात्रभरात सगळं आलं, नऊ फाइली सोडून.

त्या नऊ फाइलींसाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू चालवलं. ही आज्ञावली फाइली ओळखत नाही. ती डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी प्रतिमा काढते. तिचं शहाणपण असं की आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलते, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जाते आणि शेवटी सावकाश त्यांच्याकडे परतते. कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याचा नकाशा ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. नऊपैकी सात फाइली धड निघाल्या. उरलेल्या दोनांतली एक लघुचित्रांची कॅश, तिचं सुतक नाही. दुसरा एका मुखपृष्ठाचा फोटो, तो मावशीच्या जुन्या ईमेलमध्ये सापडला. हे सगळं होईस्तोवर सी५ चा आकडा २८ झाला होता, म्हणजे चाळीस. पूर्ण डिस्क पहिल्यांदाच कुणीतरी कोपऱ्याकोपऱ्यातून वाचली, तेव्हा लपलेले उघडे पडले.

घेतलं काय

यावर फार वेळ घालवला नाही. विंडोजसाठी १ टीबीचा एनव्हीएमई (थेट मदरबोर्डावर बसणारा वेगवान) एसएसडी, साठवणीसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क.

साटा (केबलनं जोडायचा) एसएसडी घेतला असता तरी मावशीला फरक तेवढाच जाणवला असता. साटाची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास. एनव्हीएमई पीसीआयई ३.० या बोर्डावरच्या वेगवान वाटेच्या चार लेनवर ३५०० पर्यंत जातो. कागदावर सहापट, पण रोजच्या कामात बारीक तुकड्यांचाच खेळ असल्यामुळे फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर येणं ही मोठी उडी, आणि तिथून पुढची छोटी. एनव्हीएमई घेतला तो मुख्यतः मदरबोर्डावर स्लॉट मोकळा होता आणि त्याला एकही केबल लागत नाही म्हणून. बोर्ड पीसीआयई ३.० चा असल्यामुळे त्याहून वेगवान ड्राइव्हही बसला असता, पण पळाला असता याच चालीनं.

हार्ड डिस्क घेताना एकच गोष्ट तपासून घेतली: ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांशेजारी सुटे असलेली) आहे ना. एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एखादं कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, त्यामुळे भरपूर लिहायला घेतलं की डिस्क धापा टाकते. एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर चालून जाते. मावशीच्या रोजच्या कामाला नको होती.

कॅबिनेट उघडल्यावर

एम.२ ड्राइव्ह, म्हणजे तोच एनव्हीएमई, बसवणं हे काम दोन मिनिटांचं आणि भीती दोन तासांची. स्लॉटमध्ये तो तिरका, साधारण तीस अंशांत घालायचा. तो तसाच वर उचललेला राहतो, मग मोडल्यासारखं वाटतं, मोडलेला नसतो. हलक्या बोटानं खाली दाबायचा आणि टोकाला तो बारीकसा स्क्रू लावायचा. ज्यावर हा स्क्रू बसतो ती पितळी खुंटी ८० मिलिमीटरच्या भोकात आहे का हे आधी पाहायचं, कारण २२८० या आकड्यातला २२ म्हणजे रुंदी आणि ८० म्हणजे लांबी. खुंटी नसताना नुसताच स्क्रू बोर्डात पिळला तर ड्राइव्ह वाकतो. वर धातूचं आवरण लावायचं असेल तर त्याच्या खालच्या मऊ पट्टीवरचा पारदर्शक कागद सोलायचा. हा कागद तसाच ठेवून वर्षभर ड्राइव्ह तापवणारे लोक मी पाहिलेत. ड्राइव्हवरचं छापील लेबल मात्र सोलायचं नाही, हमी त्याच्यावरच असते.

मी बोर्डावरचा दुसरा स्लॉट वापरला, कारण पहिला ग्राफिक्स कार्डाखाली होता. ४ टीबीची डिस्क खालच्या पिंजऱ्यात बसवली आणि तिची केबल हाताला आली त्या साटा पोर्टात लावली. ते पाचवं होतं.

वीजजोडणीबद्दल एकच सांगते. पॉवर सप्लायची सुटी केबल कमी पडली म्हणून मावशीनं माळ्यावरच्या खोक्यातून दुसऱ्या सप्लायची केबल काढून दिली. दोन्ही टोकं हुबेहूब तशीच. मी ती परत खोक्यात टाकली. डिस्ककडचं टोक सगळीकडे एकसारखं असतं, सप्लायकडच्या टोकातल्या तारांचा क्रम मात्र ज्याचा त्याचा वेगळा. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की नवी डिस्क सुरू होण्याआधीच संपते, आणि केबल मात्र सहज बसलेली असते.

बटण दाबलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात, नवा एसएसडी दिसला, जुनी डिस्क दिसली, ४ टीबी गायब. केबल बदलली, तरी नाही. वीज येतेय का पाहायला डिस्कवर तळहात ठेवला, तर ती फिरतेय. अर्धा तास मी नवी डिस्क मेलेली आली असं धरून चालले होते. मग बोर्डाचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या एम.२ स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप: या स्लॉटात पीसीआयई ड्राइव्ह असताना साटाचं पाचवं आणि सहावं पोर्ट बंद राहील. दोघांच्या वाटा आतून एकच असतात, एकाला दिली की दुसऱ्याची जाते. पुष्कळ मदरबोर्डांवर हे असं असतं आणि कुठल्या स्लॉटानं कुठलं पोर्ट जातं हे बोर्डागणिक बदलतं. केबल तिसऱ्या पोर्टात लावली आणि डिस्क मुकाट हजर झाली.

क्लोन फसला, मग ती चूक

मावशीची इच्छा होती की सगळं जसंच्या तसं हवं. "माझ्या खिडक्या, माझी बटणं, जागच्या जागी." म्हणून आधी क्लोन (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करून पाहिला. चाळीस टक्क्यांपाशी वाचनात त्रुटी दाखवून तो थांबला. खराब सेक्टर सोडून पुढे जा असं सांगता आलं असतं, डीडीरेस्क्यूची प्रतिमाही हाताशी होती. तरी मी ते केलं नाही. जे सेक्टर वाचता आले नाहीत ते मावशीच्या फाइलीतले किती हे कळलं होतं. विंडोजच्या पोटातले किती हे सांगणारं कुणी नव्हतं. ज्या घराचे दोन वासे गेलेत आणि कुठले ते माहीत नाही, ते घर उचलून नव्या जागी ठेवण्यात मला अर्थ वाटला नाही. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा नवीन मांडणी करायचीच होती, म्हणजे विंडोज नव्यानं टाकायचं होतं. पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेतलं.

आणि इथे ती चूक. मांडणी करताना जुनी डिस्क काढून ठेवायला हवी होती. तिची केबल ग्राफिक्स कार्डामागे अडकलेली, पुन्हा कार्ड काढा, पुन्हा लावा, आणि नंतर काही राहिलं असेल तर डिस्क लागेलच ना, असा विचार करून मी ती राहू दिली. कोणती डिस्क कुठली हे चुकू नये म्हणून आकारावरून ओळखून नवा ड्राइव्ह निवडला, तो पूर्ण मोकळा होता. मोकळ्या जागेत विंडोज टाक म्हटलं, त्यानं टाकलं. दहा मिनिटांत नवा पडदा समोर.

मावशी पडद्याकडे बघून म्हणाली, "हे ९३१ जीबी दाखवतंय. उरलेले एकोणसत्तर कुठे गेले?"

"कुठे नाही गेले, मावशी. बनवणारा एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्य एवढे बाइट मोजतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माप वेगळं, माल तोच."

"म्हणजे दोघांचे किलो वेगळे."

"तसंच."

४ टीबीच्या डिस्कला विंडोजनं विचारलं, एमबीआर की जीपीटी, म्हणजे डिस्कच्या भागांचा तक्ता जुन्या पद्धतीचा की नव्या. एमबीआरमध्ये सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २.२ टीबीच्या पुढची जागा कायमची वाया. जीपीटी निवडलं. हा प्रश्न विचारणारी खिडकी उघडल्यावर डिस्कचा क्रमांक वाचल्याशिवाय होय म्हणू नये, एवढं मात्र आवर्जून सांगते. डिस्क ०, डिस्क १ हे क्रमांक डिस्कवर कोरलेले नसतात, केबल हलवली की तेही हलतात. मी अनुक्रमांकाच्या शेवटच्या चार अक्षरांवरून ओळखते आणि तीच चार अक्षरं खडूनं पिंजऱ्यावर लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन. "अगं, पुस्तक उघडलं तर सगळं इंग्रजीत गचाळ दिसतंय. माझी पानंच्या पानं गेली."

पानं गेली नव्हती. तिची जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत आहेत. त्या फॉण्टांत 'क' चं चित्र एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. फॉण्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉण्ट काढला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. आणि फॉण्ट राहतात कुठे, तर विंडोजच्या फोल्डरात. मी मावशीचं वापरकर्त्याचं फोल्डर आणि अख्खा डी ड्राइव्ह उचलला होता, विंडोजचं फोल्डर कशाला उचलायचं म्हणून सोडलं होतं. ज्या वस्तूवर तिचं पोट चालतं तीच नेमकी तिथे होती. डीडीरेस्क्यूच्या प्रतिमेतही ते सगळे फॉण्ट होते, पण जुनी डिस्क जोडलेलीच होती म्हणून तिच्यावरूनच घेतले. तिची कळफलकाची मांडणी, प्रूफवाचनासाठी वाढवलेला शब्दकोश हेही असंच आडजागी सापडलं. त्या क्षणी मला डिस्क जोडलेली ठेवण्याचा माझा निर्णय फार दूरदर्शी वाटला होता.

आठवा दिवस

आठवडाभर सगळं सुरळीत. मग मी जुनी डिस्क काढायला गेले. केबल काढली, झाकण लावलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: बूट होण्याजोगं काही सापडत नाही.

एसएसडी बायोसमध्ये दिसत होता. विंडोज त्याच्यावरच होतं. तरी संगणक उठायला तयार नाही. मावशी खांद्यामागे उभी राहून काही बोलली नाही, ते जास्त वाईट होतं.

पाच मिनिटांनी डोक्यात उजेड पडला. यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीत संगणक विंडोजला थेट हाक मारत नाही. तो आधी ईएफआय नावाचं छोटंसं, साधारण १०० एमबीचं, फॅट३२ या साध्या फॉर्मॅटमधलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) शोधतो. विंडोजला उठवणारा बूट मॅनेजर तिथे बसलेला असतो. विंडोजची मांडणी करणारी आज्ञावली असं पार्टिशन आधीपासून दुसऱ्या कुठल्या डिस्कवर दिसलं तर नवं बनवत नाही, आहे त्यातच आपला बाडबिस्तरा टाकते. जुनी डिस्क जीपीटी होती, तिच्यावर ते होतं. म्हणजे आठ दिवस मावशीचं नवंकोरं विंडोज दररोज सकाळी मरणाऱ्या डिस्कच्या हाकेनं उठत होतं. गंमत अशी की जुनी डिस्क एमबीआरची असती तर तिच्यावर ईएफआय पार्टिशनच नसतं, मांडणीनं ते मुकाट्यानं नव्या ड्राइव्हवर बनवलं असतं आणि माझी चूक पचून गेली असती.

जुनी डिस्क परत जोडली. पहिल्यांदा ती टक् टक् करून गप्प झाली, दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदा उठली. मी तिचे मनोमन आभार मानले आणि लगेच कामाला लागले.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं, मी आधी पाहिलं असतं तर. नव्या ड्राइव्हवरच्या सी खाली 'बूट' लिहिलेलं आणि जुन्या डिस्कवरच्या १०० एमबीच्या तुकड्याखाली 'सिस्टीम'. विंडोजनं ही नावं उलटी ठेवलीत. जिथून बूट सुरू होतं त्याला ते सिस्टीम म्हणतं, आणि जिथे सिस्टीम असते त्याला बूट. का, ते विचारू नका. लक्षात ठेवायचं एवढंच की ही दोन्ही बिरुदं एकाच डिस्कवर दिसली पाहिजेत.

दुरुस्ती अशी केली. नव्या विंडोजनं ड्राइव्ह आपणहून एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून ठेवला होता, म्हणून आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवली आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवलं. मग डिस्कपार्ट या डिस्कचे भाग पाडणाऱ्या आज्ञावलीत नवा ड्राइव्ह निवडून सी ३०० एमबीनं आक्रसला, मोकळ्या झालेल्या जागेत ईएफआय प्रकारचं पार्टिशन बनवलं, फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलं आणि त्याला एस हे अक्षर दिलं. हे पार्टिशन ड्राइव्हच्या सुरुवातीलाच असावं असं काही नाही, सी च्या मागे असलं तरी चालतं. शेवटी बीसीडीबूट या आज्ञेला तीन गोष्टी सांगितल्या: विंडोज सी वर आहे, बूटच्या फाइली एस वर टाक, आणि प्रकार यूईएफआय. एका सेकंदात उत्तर आलं, फाइली तयार झाल्या.

जुनी डिस्क तिसऱ्यांदाही उठली नसती तर हेच सगळं विंडोजच्या पेनड्राइव्हवरून करावं लागलं असतं. पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते आणि याच आज्ञा तिथे चालतात. फक्त तिथे अक्षरं बदललेली असतात, सी ला डी किंवा ई म्हटलेलं असू शकतं, म्हणून आधी कुठल्या अक्षराखाली विंडोजचं फोल्डर आहे ते बघून घ्यायचं. आणि एन्क्रिप्ट झालेल्या ड्राइव्हला ती ४८ आकडी की मागितली जाते. ती तोवर कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली ती या एका कारणानं जरा उशिरा.

बायोसमध्ये जाऊन बूटच्या यादीत नव्या ड्राइव्हवरचा विंडोज बूट मॅनेजर वर आणला. संगणक बंद, जुनी डिस्क बाहेर, बटण. आकडे मोजत होते. चौदाव्या आकड्याला लॉगिनचा पडदा आला. आधी मावशीची अंघोळ व्हायची.

उरलेली किरकोळ कामं पटकन झाली. ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याच्या खिडकीत नव्या ड्राइव्हपुढे सॉलिड स्टेट असं लिहिलंय ना ते पाहिलं. तसं असलं की विंडोज आठवड्यातून एकदा ट्रिम, म्हणजे कुठली जागा आता मोकळी आहे हा निरोप, पाठवतं, बाकी आपण काही करायचं नसतं. एन्क्रिप्शन पुन्हा चालू केलं. कागदपत्रांचं फोल्डर ४ टीबीच्या डिस्कवर हलवलं, चालू पुस्तकं मात्र एसएसडीवरच ठेवली. बाहेरची २ टीबी डिस्क आता शनिवारची डिस्क आहे, मावशी ती शनिवारी संध्याकाळी जोडते आणि रविवारी काढते. त्यात आता फॉण्टांचं फोल्डर आहे.

जुन्या डिस्कवर लोकांची अप्रकाशित पुस्तकं होती, तेव्हा ती पुसल्याशिवाय ठेवायची नव्हती. साधं (क्विक) फॉर्मॅट केलं तर मजकूर तसाच राहतो, फक्त अनुक्रमणिका फाटते. दुसऱ्या संगणकाला जोडून डिस्कपार्टची पूर्ण पुसण्याची आज्ञा दिली. ती पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत शून्यं लिहीत जाते. त्याला काही तास लागले. नंतर आकडे पाहिले तर सी५ शून्य! इतके दिवस न लागलेला निकाल एका झटक्यात लागला होता. लटकलेल्या सेक्टरवर लिहायला घेतलं की डिस्क तो तपासून पाहते. धड निघाला तर यादीतून वगळते, नाहीतर राखीव जागेत हलवते. ०५ पुढे आता आठ होते. वापरलेली डिस्क कुणी विकायला आणली आणि तिच्या सी५ वर शून्य दाखवलं, तर आधी त्याच्या वरच्या त्या ०५ कडे बघा.

मावशीला डिस्क टाकवेना. इतक्या वर्षांची सगळी पुस्तकं हिच्यावर लावली म्हणाली. मी म्हटलं ठेव, पण वर चिठ्ठी लाव, नाहीतर दोन वर्षांनी तूच कुणाला तरी देशील. तिनं संगणक सुरू केला, तिचा तो जुना फॉण्ट निवडला, आणि मी सांगितलं ते टाइप केलं: पुसलेली, सी५ शून्य, ०५ आठ, आत काही ठेवू नये. छापून आल्यावर चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन तिनं वेलांट्या तपासल्या, आणि मग विचारलं, "हे ०५ आठ म्हणजे पाच की आठ?"